फर्डिनांड पोर्शे

फर्डिनांड पोर्शे (३ सप्टेंबर, १८७५:माफर्सडॉर्फ, बोहेमिया, ऑस्ट्रिया-हंगेरी – ३० जानेवारी, १९५१:श्टुटगार्ट, पश्चिम जर्मनी) हे ऑस्ट्रियन-जर्मन वाहन अभियंता आणि पोर्शे या कंपनीचे संस्थापक होते. फोक्सवॅगन बीटल, मर्सेडिज-बेंझच्या एसएसके मालिकेतील क्रीडामोटारी, ऑटो युनियनची सोळा सिलिंडरांची शर्यतीची मोटार आणि वीज व पेट्रोल या दोहोंवर चालणारी सुरुवातीची वाहने ही त्यांची प्रमुख कामे होत. त्यांच्या नावाची पहिली क्रीडामोटार, पोर्शे ३५६, त्यांचे पुत्र फेरी पोर्शे यांच्या देखरेखीखाली १९४८ मध्ये तयार झाली.

पाण्याऐवजी हवा आणि वंगण तेल यांच्या साहाय्याने थंड राहणारे इंजिन हे पोर्शे यांच्या कार्यालयाचे सर्वांत दीर्घकाळ टिकलेले योगदान मानले जाते. या इंजिनात तेल थंड करणारा ऑइल कूलर हा कळीचा भाग होता. याच पद्धतीने लहान मोटारीत मोठे यश मिळाले, तर अवजड रणगाड्यात ती अपयशी ठरली. नाझी राजवटीशी असलेला निकटचा संबंध आणि युद्धकाळात त्यांच्या अधिकाराखालील कारखान्यात झालेला वेठबिगारीचा वापर यांमुळे त्यांचे चरित्र वादग्रस्त राहिले आहे.

बालपण व शिक्षण

पोर्शे यांचा जन्म उत्तर बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हे गाव आता चेक प्रजासत्ताकात असून व्रातिस्लाविस नाद निसोउ या नावाने ओळखले जाते. त्यांचे वडील आंतोन पोर्शे यांचा पत्र्याच्या कामाचा कारखाना होता. मुलाने हाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी वडिलांची इच्छा होती. मात्र फर्डिनांड यांना लहानपणापासून विजेच्या प्रयोगांची ओढ होती. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करून ते संध्याकाळी जवळच्या रायखेनबर्ग येथील तंत्रशाळेच्या वर्गांना जात. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या घरात विजेचे दिवे बसवले.

त्याच वर्षी ते व्हियेनातील बेला एगर या विद्युत कंपनीत रुजू झाले. तेथे काम करीत असताना ते व्हियेनाच्या तांत्रिक महाविद्यालयातील व्याख्यानांना अधूनमधून हजेरी लावत. अभियांत्रिकीची औपचारिक पदवी त्यांनी कधीही घेतली नाही. त्यांच्या नावाआधी लागणारी डॉक्टर ही उपाधी व्हियेना (१९१७) आणि श्टुटगार्ट (१९२४) येथील तांत्रिक विद्यापीठांनी दिलेल्या सन्माननीय पदव्यांमुळे आली.

सुरुवातीची कारकीर्द

१८९८ च्या सुमारास पोर्शे यांनी बग्ग्या बनविणाऱ्या याकोब लोनर यांच्या कंपनीसाठी विजेच्या वाहनांवर काम सुरू केले. चाकाच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसविण्याची त्यांची रचना १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. या रचनेत साखळी, पट्टा किंवा गियरबॉक्स यांची गरज नव्हती. तिचा मोठा दोष म्हणजे शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पेट्रोल इंजिनाने जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर चाके चालवायची, अशी मिश्र पद्धत तयार केली. आजच्या हायब्रिड मोटारींच्या इतिहासात या वाहनांचा आवर्जून उल्लेख होतो. १९०३ मध्ये त्यांचा विवाह आलोइझिया केस यांच्याशी झाला. त्यांना लुईझ (१९०४) आणि फर्डिनांड ऊर्फ फेरी (१९०९) ही दोन अपत्ये झाली.

१९०६ मध्ये पोर्शे व्हीनर नॉयश्टाट येथील ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचे तांत्रिक प्रमुख झाले. १९१० च्या प्रिन्स हाइनरिख स्पर्धेत कंपनीच्या मोटारींनी पहिले तीन क्रमांक पटकावले. विजेती मोटार स्वतः पोर्शे चालवीत होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी विमानासाठी चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे बॉक्सर इंजिन आखले. बॉक्सर रचनेत सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आडवे असतात. पुढे बीटलच्या इंजिनात हीच मांडणी दिसते. पहिल्या महायुद्धात कंपनीने अवजड तोफा ओढणारी पेट्रोल-विद्युत वाहने बनवली.

युद्धानंतर पोर्शे यांनी काउंट अलेक्झांडर कोलोव्हराट यांच्या आग्रहावरून झाशा ही ११०० सीसीची छोटी मोटार तयार केली. १९२२ च्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत तिने आपल्या गटात पहिले दोन क्रमांक मिळवले. लहान व हलकी मोटार लोकांसाठी बनवावी, ही त्यांची कल्पना संचालकांना मान्य नव्हती. मतभेद वाढल्यावर १९२३ मध्ये ते श्टुटगार्टच्या डाइम्लर कंपनीत गेले. त्यांनी सुधारलेल्या मर्सेडिजने १९२४ ची तार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली. १९२६ मध्ये डाइम्लर आणि बेंझ यांचे एकत्रीकरण झाले आणि त्यानंतर सुपरचार्जर असलेल्या एस, एसएस व एसएसके या मोटारी आल्या. छोट्या मोटारीच्या प्रश्नावर येथेही वाद झाला आणि १९२८ च्या अखेरीस त्यांनी कंपनी सोडली. १९२९ मध्ये ते ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीत गेले. मात्र आर्थिक मंदीत कंपनीला कर्ज देणारी बँक बुडाल्याने ती नोकरीही अल्पकाळच टिकली.

स्वतःचे कार्यालय

एप्रिल १९३१ मध्ये पोर्शे यांनी श्टुटगार्ट येथे स्वतःच्या रचना व सल्ला कार्यालयाची नोंदणी केली. कार्ल राबे, एर्विन कोमेंडा, योसेफ कालेस आणि फ्रान्झ क्सावर राइमश्पीस हे अभियंते त्यांच्यासोबत होते. जावई आंतोन पिएख आणि माजी शर्यतपटू आडोल्फ रोझेनबर्गर हे भागीदार होते. सुरुवातीच्या काळात कार्यालयाला आर्थिक आधार देणारे रोझेनबर्गर ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा दर्शनी मूल्याने पोर्शे कुटुंबाकडे गेला. त्याच वर्षी नाझी पोलिसांनी रोझेनबर्गर यांना अटक करून छळछावणीत ठेवले. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. कंपनीच्या स्थापनेतील त्यांच्या वाट्याचा उल्लेख नंतरची अनेक दशके क्वचितच झाला.

कार्यालयाने १९३१ मध्ये टॉर्शन बार या निलंबन पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात पोलादी दांड्याच्या पिळाचा स्प्रिंगसारखा उपयोग केला जातो. ऑटो युनियनसाठी आखलेली, चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली सोळा सिलिंडरांची मोटार १९३४ पासून शर्यतींत उतरली. त्सुंडाप कंपनीसाठी केलेल्या छोट्या मोटारीत पाण्याने थंड होणारे पाच सिलिंडरांचे इंजिन होते. १९३३ मध्ये एनएसयू कंपनीसाठी केलेल्या नमुन्यात मात्र हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन मागील बाजूस बसवले होते. दोन्ही प्रकल्प उत्पादनापर्यंत पोहोचले नाहीत.

फोक्सवॅगन

२२ जून, १९३४ रोजी जर्मन मोटार उद्योग संघटनेने पोर्शे यांच्या कार्यालयाशी लोकांची मोटार आखण्याचा करार केला. त्यामागे अडॉल्फ हिटलर यांचा आग्रह होता. महामार्गावर ताशी १०० किमीचा वेग सतत टिकावा, १०० किमीला सुमारे ७ लिटर इंधन लागावे, इंजिन हवेने थंड व्हावे आणि किंमत १,००० मार्कांच्या आत राहावी, अशा अटी होत्या. बहुसंख्य ग्राहकांकडे गॅरेज नसणार आणि थंडीत उघड्यावरील मोटारीतील पाणी गोठणार, हे हवेने थंड होणारे इंजिन मागण्याचे व्यावहारिक कारण होते.

दोन सिलिंडरांची आणि टू-स्ट्रोक इंजिने वापरून पाहिल्यानंतर राइमश्पीस यांनी आखलेले ९८५ सीसीचे चार सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन स्वीकारले गेले. १९३६ च्या अखेरीस तीन नमुना मोटारींची प्रत्येकी सुमारे ५०,००० किमी चाचणी झाली. चाचणीत क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार घडल्याने ओतीव क्रँकशाफ्टऐवजी घडीव क्रँकशाफ्ट वापरण्यात आले. १९३७ मध्ये आणखी ३० मोटारी चाचणीसाठी बनविल्या गेल्या. २६ मे, १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ कारखान्याची पायाभरणी झाली.

चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचे अभियंता हान्स लेडविंका त्याच सुमारास मागे इंजिन असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या मोटारी बनवीत होते. पंख्याने हवा खेळविण्याच्या रचनेसह काही पेटंटांचे उल्लंघन झाल्याचा दावा टाट्राने केला. १९३९ मध्ये जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया व्यापल्यावर हा दावा थांबला. युद्धानंतर फोक्सवॅगनने तडजोड करून भरपाई दिली.

इंजिन थंड ठेवण्याची पद्धत

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरांभोवतीचे पाणी उष्णता रेडिएटरकडे वाहून नेते. पोर्शे यांच्या इंजिनात हे काम दोन मार्गांनी होते. सिलिंडर व त्यांच्या टोप्यांवरील पातळ पंखांवरून पट्ट्याने फिरणारा पंखा हवा सोडतो, तर पिस्टन, बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्याजवळची उष्णता वंगण तेल शोषून घेते. त्यामुळे अशा इंजिनात तेल हे वंगण आणि शीतक अशा दोन्ही भूमिका बजावते. तेल फार तापल्यास पातळ होते, त्याचा दाब घसरतो आणि बेअरिंगमधील धातू एकमेकांवर घासू लागतो.

यासाठी पंख्याच्या पत्र्याच्या आवरणात, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वर, एक छोटा उभा ऑइल कूलर बसविण्यात आला. पंपातून निघालेले तेल या कूलरमधून जाऊन मग बेअरिंगांकडे वळते. इंजिन थंड असताना तेल घट्ट असते. तेव्हा एक झडप उघडते आणि कूलर टाळून तेल थेट पुढे जाते. त्यामुळे थंड तेलाच्या जादा दाबाने कूलर फुटत नाही आणि इंजिनही लवकर कार्यक्षम तापमानाला येते. वेगळा पंखा, लांब नळ्या किंवा पाण्याची टाकी न लागणे, हे या मांडणीचे बलस्थान होते.

तिचा एक दोषही होता. कूलर हवेच्या वाटेतच उभा असल्याने त्याच्या खालच्या सिलिंडरांना, विशेषतः तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला, कमी आणि आधीच तापलेली हवा मिळे. त्यामुळे नंतरच्या काळात अनेक इंजिनांत या सिलिंडरची ठिणगी इतरांपेक्षा किंचित उशिरा पडेल, अशी तजवीज करण्यात आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस कूलर मुख्य वाटेतून हलवून त्याला स्वतंत्र आवरण आणि गरम हवेसाठी वेगळा मार्ग देण्यात आला.

नाझी राजवट व दुसरे महायुद्ध

पोर्शे यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात चेकोस्लोव्हाक नागरिकत्व सोडून जर्मन नागरिकत्व घेतले. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि पुढे त्यांना एसएस संघटनेत मानद हुद्दा मिळाला. सर्वसामान्यांसाठी जाहीर झालेल्या मोटारीकरिता सुमारे ३,३६,००० लोकांनी आठवड्याला किमान ५ मार्क याप्रमाणे बचत केली; युद्ध सुरू झाल्याने त्यांपैकी कोणालाही त्या योजनेतून मोटार मिळाली नाही.

युद्धकाळात फोक्सवॅगन कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळला. कारखान्याच्या प्रमुखपदाची जबाबदारी पोर्शे आणि पिएख यांच्याकडे होती. युद्धाच्या काळात तेथे सुमारे २०,००० लोकांना वेठबिगारीने राबविण्यात आले. त्यांत पूर्व युरोपातून आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील कैदी होते. छळछावणीतील मजूर मिळविण्यासाठी पोर्शे यांनी नाझी नेतृत्वाशी असलेले संबंध वापरले, असे फोक्सवॅगनच्या इतिहासावरील संशोधनात दाखविले गेले आहे.

बीटलच्या यंत्रणेवर आधारित क्युबेलवागन हे हलके लष्करी वाहन उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि रशियाच्या थंडीत उपयुक्त ठरले. त्याला पाणी लागत नसल्याने ते उकळण्याचा किंवा गोठण्याचा प्रश्न नव्हता. याच धर्तीवर पोर्शे यांनी टायगर रणगाड्याच्या स्पर्धेसाठी हवेने थंड होणारी दहा सिलिंडरांची दोन इंजिने, जनित्रे आणि विद्युत मोटर असलेला नमुना सादर केला. ५० टनांहून जड रणगाड्यात, चिलखताच्या बंदिस्त जागेत, ही इंजिने तापू लागली व वारंवार बिघडू लागली. एप्रिल १९४२ मधील प्रात्यक्षिकानंतर हेन्शेल कंपनीचा नमुना निवडला गेला. पोर्शे यांच्या तयार सांगाड्यांपैकी सुमारे ९० सांगाडे रणगाडाविरोधी तोफवाहनांसाठी वापरले गेले आणि त्यांत पाण्याने थंड होणारी मायबाख इंजिने बसवावी लागली. पोर्शे यांच्याच नावावरून फर्डिनांड म्हणून ओळखली गेलेली ही वाहने जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरली. सुमारे १८८ टनांच्या माउस या रणगाड्याचे केवळ दोनच नमुने तयार झाले.

अटक

नोव्हेंबर १९४५ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी फ्रान्ससाठी लोकांची मोटार बनविण्याच्या चर्चेकरिता पोर्शे यांना बाडेन-बाडेन येथे बोलावले. १५ डिसेंबर रोजी त्यांना, फेरी पोर्शे यांना आणि पिएख यांना अटक झाली. प्यूजो कारखान्यातील यंत्रसामग्री व कामगार जर्मनीला नेल्याचे आरोप त्यांच्यावर होते. फेरी यांची सुटका लवकर झाली. कैदेत असताना पोर्शे यांच्याकडून रेनॉ कंपनीच्या ४सीव्ही या छोट्या मोटारीबाबत मत घेण्यात आले. त्यांचा पुढील काळ दिजाँ येथील तुरुंगात गेला आणि तेथे त्यांची प्रकृती खालावली. १ ऑगस्ट, १९४७ रोजी जामिनावर त्यांची सुटका झाली. फेरी आणि कार्ल राबे यांनी इटलीतील चिसितालिया कंपनीसाठी शर्यतीच्या मोटारीची रचना करून मिळविलेले मानधन या जामिनासाठी उपयोगी पडले.

पोर्शे ३५६ व अखेरची वर्षे

युद्धाच्या अखेरच्या काळात कार्यालय ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे एका जुन्या लाकूड गिरणीत हलविण्यात आले होते. तेथे फेरी यांनी फोक्सवॅगनचे भाग वापरून क्रीडामोटार बनविली. ८ जून, १९४८ रोजी रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळालेल्या पहिल्या ३५६ मध्ये ११३१ सीसीचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे इंजिन होते. मूळ बीटलच्या इंजिनाकडून अधिक वेग आणि अधिक शक्ती मागितली जात असल्याने तेलाचे तापमान आटोक्यात ठेवणे येथे अधिक महत्त्वाचे झाले. ग्म्युंड येथे सुमारे ५० मोटारी तयार झाल्या. १९५० मध्ये उत्पादन श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउजेन उपनगरात सुरू झाले. फोक्सवॅगनबरोबर १९४८ मध्ये झालेल्या करारानुसार प्रत्येक बीटलमागे पोर्शे यांच्या कंपनीला मानधन मिळू लागले.

नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याला भेट देऊन बीटलचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन पाहिले. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ३० जानेवारी, १९५१ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी श्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियातील त्सेल आम झे येथील कौटुंबिक मालमत्तेत त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये ३५६ मोटारीने ल मांस येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवला.

वारसा

१७ फेब्रुवारी, १९७२ रोजी बीटलने फोर्ड मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. ३० जुलै, २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल तयार झाली तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. पोर्शे ९११ या मोटारीतील इंजिन १९९८ पर्यंत हवा आणि तेल यांच्याच साहाय्याने थंड होत असे. तिच्यात तेलासाठी वेगळी टाकी होती. १९६९ च्या ९११ एस या प्रकारात इंजिनावरील कूलरखेरीज पुढील उजव्या मडगार्डखाली दुसरा ऑइल कूलर देण्यात आला.

जुन्या मोटारींतील ऑइल कूलर

बीटल, ३५६ आणि ९११ या मोटारी आजही जगभर जपल्या जातात, आणि त्यांना जादा ऑइल कूलर बसवावा का, हा जीर्णोद्धारातील नेहमीचा प्रश्न आहे. प्रथम तापमापकाने तेलाचे खरे तापमान पाहिले जाते. साधारण ८० ते ११० अंश सेल्सियस ही योग्य मर्यादा समजली जाते. ठिणगीची चुकीची वेळ, पत्र्याच्या आवरणातील फटी, झिजलेली रबरी पट्टी किंवा पंखांत अडकलेला तेलकट कचरा यांमुळेही इंजिन तापते. अशा वेळी नवा कूलर मूळ दोष केवळ झाकतो. शहरात सौम्यपणे चालणाऱ्या मोटारीत फार मोठा कूलर बसविल्यास तेल पुरेसे तापत नाही आणि त्यात साचलेला ओलावा बाहेर पडत नाही. म्हणून ठरावीक तापमानानंतरच तेल कूलरकडे सोडणारा थर्मोस्टॅट आवश्यक मानला जातो.

जागा निवडताना ताजी हवा आत येण्याचा आणि तापलेली हवा बाहेर जाण्याचा, असे दोन्ही मार्ग पाहावे लागतात. मोटारीच्या पुढच्या भागात हवा भरपूर मिळते, पण नळ्या लांब होतात. मागे गियरबॉक्सजवळ नळ्या आखूड राहतात, मात्र तेथे बहुधा विजेचा पंखा लागतो. ९११ मध्ये पुढचा कूलर टाकीकडे परतणाऱ्या तेलाच्या मार्गावर असतो. बीटल व ३५६ मध्ये तो सहसा पंपाच्या दाबाखालील मार्गावर येतो. तेथे नळी फुटल्यास काही क्षणांत इंजिन कोरडे पडू शकते. त्यामुळे नळ्यांचा दर्जा, जोड आणि घासणाऱ्या कडांपासून संरक्षण यांना महत्त्व आहे. बेअरिंग निकामी झालेल्या इंजिनातील जुना कूलर पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण त्याच्या अरुंद वाटांत अडकलेले धातूचे कण नव्या इंजिनात जाऊ शकतात. मोटारीचे ऐतिहासिक मूल्य राखण्यासाठी मूळ पत्र्याला छिद्रे न पाडता, पुढे काढून घेता येईल अशी जोडणी पसंत केली जाते.

मूल्यमापन

पोर्शे यांना १९९९ मध्ये शतकातील सर्वोत्तम मोटार अभियंता हा सन्मान मरणोत्तर देण्यात आला. दुसरीकडे त्यांच्या जन्मगावी नाझी काळातील सहभागामुळे त्यांच्या गौरवाला विरोध झाला आणि २०१३ मध्ये गावाच्या सीमेवरील त्यांच्या नावाचा उल्लेख असलेले फलक काढण्यात आले. बीटलचे इंजिन हे राइमश्पीस, राबे, कालेस आदी सहकाऱ्यांचे सामूहिक काम होते आणि त्यावर टाट्रासारख्या समकालीन कंपन्यांच्या कल्पनांचाही प्रभाव होता. कोणती रचना करायची, यावर पोर्शे यांनी दोन नोकऱ्यांत मालकांशी वाद घातला. ती कोणासाठी आणि कोणाच्या श्रमावर उभी राहते, या प्रश्नावर त्यांनी नाझी राजवटीला विरोध केल्याचे दिसत नाही. या दोन्ही बाजूंमुळे अभियांत्रिकीच्या इतिहासाबरोबरच अभियंत्याच्या नैतिक जबाबदारीच्या चर्चेतही त्यांचे नाव घेतले जाते.